कुवेतमध्ये गाडीला अपघात झाला तर : उपचार, खर्च आणि विम्याचे कागद



आमच्या ओळखीचे ठाण्याचे एक जोडपे मुलाकडे कुवेतला गेले होते. बाबा ७४ वर्षांचे, आई ६९ वर्षांची. मुलगा साल्मिया भागात राहतो. एका संध्याकाळी तिघे बाजारातून परतत असताना सिग्नलला उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीला मागून दुसरी गाडी आदळली. आईच्या दोन बरगड्या मोडल्या. बाबांच्या कपाळाला टेंगूळ आले, बाकी काही नाही. दवाखान्यात त्यांनी स्वतःच सांगितले, "मला काही झालेलं नाही, आधी हिच्याकडे बघा." आणि ते तपासून घ्यायला बसलेच नाहीत.

ठाण्याला परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा डावा पाय ओढू लागला. ते दिवसा पेंगू लागले, नातवंडांची नावे चुकू लागली. घरच्यांना वाटले, वय झाले. स्कॅन केल्यावर कळले की कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत होते. शस्त्रक्रिया झाली, आज ते बरे आहेत. पण प्रवासाचा विमा परतीच्या दिवशी संपला होता. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागावी तर अपघाताच्या दिवशीच्या एकाही कागदावर बाबांचे नाव नव्हते. पोलिसांच्या नोंदीत जखमी एकच, ती म्हणजे आई. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च घरातून झाला.

आखातात नोकरीला गेलेली मुले आज प्रत्येक सोसायटीत आहेत. कुवेत तर मुंबईला जुने. १९६१ पर्यंत तिथे रुपया चालत असे. आता आईवडील तिथे महिना-दोन महिने राहून येतात. म्हणून या वेळी औषधांपेक्षा या विषयावर लिहावेसे वाटले. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते : इस्रायली पासपोर्टवर कुवेतमध्ये प्रवेश नाही. खालील माहिती भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी आहे.

अपघात होऊ नये म्हणून

कुवेतमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपण आयुष्यभर रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघत आलो. तिथे पहिली गाडी डावीकडून येते. जुनी सवय सहज मोडत नाही, म्हणून दोन्हीकडे दोनदा बघावे आणि मोठ्या रिंग रोडवर पायी ओलांडण्याचा विचारही करू नये. त्या रस्त्यांवर गाड्या फार वेगाने जातात.

मागच्या सीटवरही पट्टा लावावा. नवीन वाहतूक कायदा २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. पट्टा न लावल्यास ३० दिनार दंड आहे, गाडी चालवताना हातात मोबाइल धरल्यास ७५ दिनार. एक दिनार म्हणजे आपले तीनशेच्या आसपास रुपये, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. पण दंडापेक्षा महत्त्वाचे हे की, पट्टा नसलेला मागचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर फेकला जातो आणि पुढच्यालाही जखमी करतो. "पोटाला आवळतो" म्हणून पट्टा काखेखालून घेणाऱ्या भगिनींनी तो खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून घ्यावा. पोटावरून गेलेला पट्टा धडकेत आतड्यांना इजा करतो.

पहिला तास

मदतीसाठी क्रमांक ११२. पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन, तिन्हींसाठी एकच. भारतातही हाच क्रमांक असल्याने लक्षात ठेवायला सोपा.

गाडीतून धूर किंवा आग येत नसेल तर मानेला, पाठीला किंवा कमरेला मार लागलेल्या माणसाला ओढून बाहेर काढू नये. मान सरळ ठेवून आहे तिथेच बसू द्यावे आणि रुग्णवाहिकेची वाट पाहावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, पाच मिनिटांनी उचलून बघू नये. पाणी किंवा चहा पाजू नये. शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

कुवेतचा उन्हाळा हा वेगळा धोका आहे. २१ जुलै २०१६ रोजी तिथल्या मित्रिबा येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. म्हातारे शरीर अशा उन्हात रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहिले तर अपघातात न लागलेला माणूसही चक्कर येऊन पडतो. ज्यांना चालता येते त्यांनी रस्त्यापासून दूर सावलीत जावे. गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि छत्री कायम असावी.

चूक कोणाची, हा निवाडा रस्त्यावर करू नये. समोरचा माणूस भला वाटला आणि "मी खर्च देतो, पोलीस नको" म्हणाला, तरी कुणाला थोडेही लागले असेल तर पोलिसांना बोलवावेच. मुलाने फोनवर फोटो काढावेत : दोन्ही गाड्या, नंबर प्लेट, रस्ता, सिग्नल. समोरच्याचा सिव्हिल आयडी, परवाना आणि गाडीचे कागद यांचेही. गाडीच्या नोंदणीच्या कागदाला तिथे "दफ्तर" म्हणतात. आपल्याला हा शब्द परका नाही.

अपघात शब्बाथला झाला तर काय, असे एका वाचक भगिनीने मागे विचारले होते. फोन करावा, रुग्णवाहिकेत बसावे, सही करावी. पिकुआह नेफेश म्हणजे जीव वाचवणे, आणि ते शब्बाथच्या वर आहे. इथे विचार करत बसणे हीच चूक.

दवाखान्यात काय सांगावे

रुग्णवाहिका साधारणपणे त्या भागाच्या सरकारी रुग्णालयात नेते. साल्मिया, हवल्ली बाजूचे लोक जाब्रियाच्या मुबारक अल-कबीर रुग्णालयात, फरवानिया आणि जलीबचे फरवानिया रुग्णालयात, मंगफ, महबूला, फहाहीलकडचे अदान रुग्णालयात जातात. हाडांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी अल-राझी आणि मेंदूसाठी इब्न सिना ही सरकारी रुग्णालये सबाह भागात आहेत. डॉक्टर आणि परिचारिकांमध्ये भारतीय बरेच असतात, हिंदी-इंग्रजीत काम भागते.

आपल्या वयात डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगाव्यात.

पहिली, रक्त पातळ करणारी गोळी. हृदयाचा स्टेंट, लकवा किंवा अनियमित ठोक्यांसाठी आपल्यापैकी अनेकजण क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, अपिक्साबान यांपैकी काही घेतात. अशा माणसाच्या डोक्याला लहानसा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. "मी रक्त पातळ करण्याची गोळी घेतो" हे वाक्य सर्वांत आधी. डोक्याचा स्कॅन सुचवला तर नाही म्हणू नये.

दुसरी, मान. ६५ वर्षांवरील माणसाला धडक बसल्यावर मान दुखत असेल तर डॉक्टर मानेचे चित्र काढूनच निर्णय घेतात, कारण ठिसूळ हाड थोड्या झटक्यानेही मोडते. गळ्याचा पट्टा स्वतःहून काढू नये.

तिसरी, रक्तदाबाची गोळी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी हळू ठेवतात. पोटात रक्तस्राव होत असताना नाडी जलद व्हायला हवी, ती होत नाही आणि माणूस ठीक दिसतो. डॉक्टरांना गोळी माहीत असेल तर ते फसत नाहीत. पट्ट्याचा निळा वळ पोटावर उठला असेल तर तो दाखवावा, लाजू नये.

चौथी, मधुमेह आणि मूत्रपिंड. काही तपासण्यांत रंगद्रव्य टोचतात, ते मूत्रपिंडावर ताण देते. दुखण्यावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नये. ती रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंड बिघडवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव करतात. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात.

बरगडी मोडली तर प्लास्टर नसते. दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, कफ साचतो आणि आठवड्याभरात न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या बरगडीपेक्षा हा न्यूमोनिया अधिक मारतो. म्हणून दुखणे थांबवणारे औषध वेळेवर घ्यावे, उशी छातीशी धरून खोकावे आणि तासातासाला दहा खोल श्वास घ्यावेत. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले का, हे विचारावे.

आणि "मला काही झालेलं नाही" हे वाक्य कोणीही म्हणू नये. गाडीत असलेल्या प्रत्येकाने तपासून घ्यावे आणि प्रत्येकाच्या नावाचा कागद मागून घ्यावा. तपासणी टाळून त्या बाबांचे काय झाले ते वर वाचलेच.

मखफरमधले कागद

पोलीस ठाण्याला तिथे "मखफर" म्हणतात. कुणाला लागले असेल तर प्रकरण तिथे नोंदले जाते आणि पुढे चौकशी होते. कामकाज अरबीत चालते. इथे तीन गोष्टी सांभाळायच्या.

न समजलेल्या अरबी कागदावर सही करू नये. मुलाला अरबी येत असली तरी घाबरलेल्या अवस्थेत तो नीट वाचत नाही. भाषांतर करणारा माणूस मागावा किंवा ऑफिसातल्या अरबी जाणणाऱ्या सहकाऱ्याला बोलवावे. एखादा कागद नुसता जबाब असतो, एखादा "आमची तक्रार नाही, आम्ही तडजोड केली" असे म्हणणारा असतो. दुसऱ्यावर सही झाली की पुढचे दार जवळजवळ बंद होते. दुखापत किती आहे हे कळण्याआधी तडजोड करू नये, कारण म्हाताऱ्या माणसाची दुखापत पहिल्या दिवशी पूर्ण दिसत नाही.

जबाबात जखमी म्हणून प्रत्येकाचे नाव पासपोर्टप्रमाणे आले आहे का बघावे. आपल्याकडे घरी एक नाव, पासपोर्टवर दुसरे, आडनाव गावावरून पडलेले, वडिलांचे नाव कधी मधे तर कधी शेवटी. अरबीत लिहिताना त्याचे आणखी काही होते. दवाखान्याच्या कागदावर एक नाव आणि पोलिसांच्या कागदावर दुसरे असले तर विमा कंपनी ते दोन माणसे समजते.

तिसरे म्हणजे न्यायवैद्यक डॉक्टरांची तपासणी. चौकशी अधिकारी तिकडे पाठवतात. तिथे दुखापतीचे स्वरूप आणि कायम राहणारे अपंगत्व किती, हे लिहिले जाते. भरपाईचा आकडा पुढे यावरच ठरतो. म्हणून ती टाळून विमान पकडू नये.

खर्च कोण देणार

इथे दोन प्रकारची माणसे वेगळी करावी लागतात.

मुलाचा "इकामा", म्हणजे निवासाचा परवाना, असतो. १९९९ च्या कायद्याप्रमाणे इकामासाठी आरोग्य विम्याचे पैसे भरावेच लागतात. त्यावर सरकारी दवाखाने आणि रुग्णालये वापरता येतात, दर भेटीला शुल्क भरून. खासगी रुग्णालय या विम्यात येत नाही. त्यासाठी कंपनीने वेगळा विमा दिलेला असावा लागतो.

व्हिजिट व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना ही सोय नाही. पाहुण्यांचे दर निराळे, आणि खासगी रुग्णालयात तर दोन दिवसांत काही लाख रुपये सहज होतात. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतातल्या उपचारापुरतीच असते. म्हणून निघण्यापूर्वी परदेश प्रवासाचा आरोग्य विमा घ्यायलाच हवा. तो घेताना हप्ता किती, हे सर्वात शेवटी विचारावे. आधी विचारावे : आमच्या वयाला पूर्ण रक्कम लागू आहे की कमी? रक्तदाब, साखर, हृदय हे आजार फॉर्मवर लिहिले आहेत का? प्रत्येक दाव्यात पहिले किती डॉलर आमच्या खिशातून जातील? मुलाने परतीची तारीख वाढवली तर विमा वाढेल का?

आजार लपवू नये. हप्ता थोडा वाढतो, पण लपवलेला आजार अपघाताच्या दाव्यातही कंपनी पुढे करते. "चक्कर साखरेमुळे आली, म्हणून पडलात" असे म्हणायला तिला जागा मिळते.

पॉलिसीवर एक मदत क्रमांक छापलेला असतो. दाखल होण्यापूर्वी, किंवा तातडी असेल तर दाखल होताच, मुलाने तिथे फोन करावा. कंपनीने परवानगी दिली तर ती रुग्णालयाला थेट पैसे देते. फोनच केला नाही तर आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे. फोन कधी केला, कोण बोलले, तक्रार क्रमांक काय, हे वहीत लिहून ठेवावे. आमच्या ओळखीच्या जोडप्याची पॉलिसी बॅगेत, बॅग कपाटावर आणि कपाटाची किल्ली आईच्या पर्समध्ये होती. पर्स अपघाताच्या गाडीत राहिली.

पैसे परत मागायचे असतील तर मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे अहवाल, पोलिसांचा कागद, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती आणि तिकीट लागते. मूळ कागद एकाच ठिकाणी द्यावे लागतात, म्हणून देण्यापूर्वी सगळ्यांच्या दोन प्रती काढाव्यात.

समोरच्या गाडीचा विमा

कुवेतमध्ये प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. चूक समोरच्याची ठरली तर जखमी माणसाची भरपाई त्याच्या विमा कंपनीकडून मागता येते. विमा कंपन्यांवर देखरेखीसाठी २०१९ च्या कायद्याने स्वतंत्र विमा नियामक युनिट झाले आहे आणि कंपनी दाद देत नसेल तर तिथे तक्रार करता येते. मुलाच्या स्वतःच्या गाडीला "फुल इन्शुरन्स" असेल तर त्यात गाडीत बसलेल्यांच्या दुखापतीचे कलम आहे का, हे विमा घेतानाच विचारायला सांगावे.

कुवेतच्या नागरी कायद्यात शारीरिक इजेसाठी "दिया" नावाची भरपाई आहे. मूळ शरियतमधले, पण कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की माणसामाणसात भेद न करता ती द्यायची. ती फक्त मृत्यूसाठी नाही. हात, पाय, डोळा, कान यांच्या इजेसाठीही कोष्टकाप्रमाणे ठरते. शिवाय उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि मनस्ताप यांची भरपाई वेगळी मागता येते. साधारणपणे आधी फौजदारी प्रकरणात चूक कोणाची हे ठरते, मग भरपाईचा दावा होतो. नुकसान आणि जबाबदार माणूस कळल्यापासून तीन वर्षांत दावा करायचा असतो. पण तीन वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसू नये. साक्षीदार नोकऱ्या बदलतात, देश सोडतात.

आईवडिलांना परत यायचे असते, खटला तर तिथे चालतो. म्हणून निघण्यापूर्वी मुलाच्या किंवा वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे. ते कुवेतच्या न्याय मंत्रालयाच्या नोंदणी कार्यालयात होते. हे राहून गेले तर इथून करून पाठवावे लागते : नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन, मग कुवेतच्या दूतावासाचा शिक्का आणि शेवटी अरबी भाषांतर. तिथे अर्ध्या दिवसात होणारे काम इथे दोन महिने घेते. इथे झालेल्या पुढच्या उपचाराची बिलेही याच वाटेने पाठवावी लागतात, म्हणून ती जपावीत.

कुणी सांगेल की मुंबईच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावा. तो भारतातल्या रस्त्यांवरच्या अपघातांसाठी आहे. कुवेतच्या अपघाताचा दावा कुवेतमध्येच लागतो.

मुलालाच लागले तर

इथे बसलेल्या आईवडिलांना हा प्रसंग अधिक कठीण. रात्री फोन येतो आणि काय विचारावे सुचत नाही. हे विचारा : अपघात कामावर असताना किंवा कामावर जाता-येताना झाला का?

कारण २०१० च्या खासगी कामगार कायद्याप्रमाणे कामावरची, तसेच जाता-येतानाची दुखापत ही कामाची दुखापत धरली जाते. मग उपचाराचा खर्च मालकाचा आणि उपचार चालू असेपर्यंत सहा महिने पूर्ण पगार, त्यापुढे बरे होईपर्यंत अर्धा. तीच दुखापत "घरगुती कारणाने" अशी लिहिली गेली तर साधी आजारपणाची रजा लागते : १५ दिवस पूर्ण पगार, १० दिवस पाऊण, १० दिवस अर्धा, १० दिवस पाव आणि पुढचे ३० दिवस बिनपगारी. पहिल्या अहवालात वेळ आणि कारण बरोबर लिहिले जाणे किती महत्त्वाचे, हे यावरून कळेल.

मुलगा इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या पासपोर्टवर गेला असेल तर त्याचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा निघालेला असतो. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. अनेक घरांना हा कागद आहे हेच माहीत नसते. मुलाची जुनी फाइल उघडून बघावी.

भारतीय दूतावासाकडे २००९ पासून संकटातल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. ज्याच्याकडे दुसरा आधार नाही, त्याला त्यातून तातडीच्या उपचारासाठी मदत मिळू शकते. इथून तक्रार नोंदवायची असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे "मदद" हे ऑनलाइन पोर्टल आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवून ते भरून घ्यावे. महाराष्ट्र मंडळ कुवेतसारख्या मंडळांतली माणसे रक्तापासून रुग्णालयातल्या डब्यापर्यंत धावतात, त्यांना सांगायला संकोच करू नये. रुग्णालयात शाकाहारी जेवण मागितले की खाण्याचा प्रश्न सुटतो.

वाईटातले वाईट घडले तर पार्थिव आणण्यासाठी मृत्यूचा दाखला, पार्थिव टिकवण्याच्या प्रक्रियेचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. आपल्याकडे दफन लवकर करायचे असते, पण या कागदांना दिवस लागतात. प्रवास विम्यात पार्थिव आणण्याचा खर्च आहे का, हे आधी बघून ठेवण्यात अभद्र काही नाही.

परत येताना आणि आल्यावर

विमानात बसण्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्यावा. बरगडीमुळे छातीत हवा साठली असेल, डोक्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टर सांगतील तितके थांबावे. विमानातल्या कमी दाबाने अडकलेली हवा फुगते. नवे प्लास्टर असेल तर पहिल्या दोन दिवसांत ते लांबीत चिरून घ्यावे लागते, कारण वर पाय सुजतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून पाणी प्यावे, टाचा-बोटे हलवत राहावे, आणि पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

डोक्याला मार लागलेल्यावर घरच्यांनी दोन-तीन महिने लक्ष ठेवावे. वाढत जाणारी डोकेदुखी, दिवसा पेंगणे, चालताना एका बाजूला झुकणे, पाय ओढणे, बोलणे अडखळणे, स्वभाव बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर "वय झालं" म्हणू नये. स्कॅन करावा. वेळेवर कळले तर हा आजार बरा होणारा आहे.

इथल्या पुढच्या उपचारासाठी आपली मेडिक्लेम पॉलिसी चालते का बघावे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे. कार्ड आजारी पडण्यापूर्वी काढून ठेवावे.

भारतीय कंपनीने प्रवास विम्याचा दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र द्यावे. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचे असते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझला आहे.

निघण्यापूर्वी एक पाकीट

एक पातळ प्लास्टिकचे पाकीट करा. त्यात पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, विम्याच्या पॉलिसीचे पहिले पान, मदत क्रमांक मोठ्या अक्षरात, औषधांची यादी मूळ नावांसह, रक्तगट, मुलाचा आणि त्याच्या एका शेजाऱ्याचा फोन. ते नेहमी अंगाशी असलेल्या पिशवीत ठेवा. दुसरी प्रत मुलाच्या घरी, तिसरी इथे. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांबाबत कुवेत फार कडक आहे. ती डॉक्टरांकडून बदलून घ्या.

त्या बाबांनी बरे झाल्यावर मशिदीत सेफेरसमोर उभे राहून बिरकत हागोमेल म्हटली आणि घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला. आम्ही सगळे गेलो होतो. ताट फिरत असताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी मी पहिला तपासून घेणार, आणि हिच्याआधी माझं नाव लिहून घेणार." आईंनी लगेच उत्तर दिले, "पुढची वेळ कशाला? घरीच बसा." सगळे हसले. पण पाकीट मात्र दोघांनीही करून ठेवले आहे. तुम्हीही या आठवड्यात करा.